पाळण्यातले पाय आणि दादरचा आठ नंबर

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रांचा नुसता ढीग पडलाय, म्हणजे पत्रं कसली, मेल आणि व्हॉट्सअॅपच, एका आजींनी तर सहा मिनिटांची व्हॉइस नोट पाठवलीय आणि त्यातली दोन मिनिटं मागे कुकरच्या शिट्ट्याच आहेत. नर्सरीच्या अॅडमिशनचे दिवस आले की दरवर्षी हेच होतं. निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न एकच, आमचं मूल गिफ्टेड, म्हणजे वयाच्या मानाने फारच हुशार, आहे का आणि ते ओळखायचं कसं. त्यातली पाच पत्रं निवडली, थोडी कापून छापतेय, रागावू नका.

ताई, माझा मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा आहे. सीएसएमटी ते कल्याण सगळी स्टेशनं त्याला तोंडपाठ आहेत, एबीसीडी येते, शंभरपर्यंत आकडे येतात आणि बावीस देशांचे झेंडे ओळखतो. सोसायटीत सगळे म्हणतात हा जीनियस आहे. सासूबाई म्हणतात कोणाला सांगत बसू नका, दृष्ट लागेल. आमच्या ओळखीतल्या एकीने मुलाच्या बोटांचे ठसे देऊन बुद्धीची टेस्ट करून घेतली, चांगले काही हजार मोजले, रंगीत रिपोर्ट मिळाला. आम्ही पण ती करावी का? की सरळ आयक्यू टेस्ट करू?
– एक आई, मुलुंड

आधी पैशांचं बोलू, कारण ते वाचवता येतील. बोटांच्या ठशांची टेस्ट करू नका. ठसे मूल पोटात असतानाच तयार होतात आणि मग जन्मभर तसेच राहतात, त्यात तुमच्या मुलाची गणिताची आवड, गाण्याचा कान, पुढे जाऊन इंजिनीअर होणार की डॉक्टर, असलं काहीही लिहिलेलं नसतं. मानसोपचारतज्ज्ञांच्या इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही याला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलंय. रिपोर्ट रंगीत असतो कारण बाकी त्यात काही नसतं. त्याचंच चुलत भावंडं म्हणजे मिडब्रेनचे क्लास, तिथे मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवतात आणि आईबाप बघून गहिवरतात. घरी स्वतःच्या डोळ्यांवर ओढणी बांधून बघा, नाकाच्या कडेच्या फटीतून खालचं किती दिसतं ते, म्हणजे पाच मिनिटांत कोर्स पूर्ण होईल, तोही फुकटात.

आता स्टेशनं आणि झेंडे. तीन वर्षांच्या मुलाला एवढं लक्षात राहतंय म्हणजे स्मरणशक्ती छान आहे आणि त्याला या गोष्टी आवडतात, हे काही कमी नाही, मी ते उडवून लावत नाहीये. पण नुसत्या पाठांतरावरून मी काहीच म्हणणार नाही. मोबाइलवर झेंड्यांचे व्हिडिओ रोज दाखवले तर बरीच मुलं झेंडे पाठ करतात आणि दाखवायचं बंद केलं की दोन महिन्यांत विसरतात पण. बघायचं ते पुढचं. जे येतंय त्याचं तो करतो काय?

माझ्या ओळखीतला एक मुलगा सांगते, त्यालाही लोकलचं असंच वेड. डिसेंबर २०२३ मध्ये दादरला सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले ना, वेस्टर्नचे एक ते सात तसेच ठेवले आणि सेंट्रलचे आठपासून पुढे केले, तेव्हा हा साडेचार वर्षांचा होता. ब्रिजवर आईचा हात सोडून उभाच राहिला. मागून माणसं ढकलतायत, आई ओरडतेय, आणि हा विचारतो, इकडे पण एक होता, मग तो एक कुठे गेला? आईने सांगितलं अरे लोकांचा गोंधळ व्हायचा म्हणून बदलले. तो गप्प. ट्रेनमध्ये बसल्यावर पण गप्प. घरी लिफ्टमध्ये शिरल्यावर म्हणाला, मग आपल्याकडे पण दोन एकशेएक आहेत, ए विंगचा आणि बी विंगचा, म्हणूनच कुरिअरवाला चुकतो, ते पण बदलायला सांग. बघा, हे स्टेशनं पाठ असण्यापेक्षा किती वेगळं आहे! एका ठिकाणचा नियम त्याने उचलला, अर्धा तास डोक्यात घोळवला आणि दुसऱ्याच ठिकाणी लावून बघितला, आणि कोणी विचारलेलं नसताना.

लहान वयात मी बघते त्या खुणा साधारण अशाच असतात. वाक्यं लांब असतात आणि त्यात 'कारण', 'जर', 'नाहीतर', 'समजा' हे शब्द इतर मुलांपेक्षा लवकर येतात. एकदा दोनदा सांगितलं की पुरतं, तिसऱ्यांदा सांगायला गेलं तर वैतागतात. उत्तर दिलं की थांबत नाहीत, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न येतो. खेळाचे नियम बदलतात आणि मग नवे नियम बाकीच्यांना समजावता समजावता भांडण होतं. शब्दांचे विनोद करतात, आणि ते विनोद फक्त मोठ्यांना कळतात म्हणून मुलं मोठ्यांजवळ जास्त रमतात. या सगळ्या खुणा सगळ्या मुलांत नसतात, आणि यातली एखादी दिसली म्हणून लगेच पेढे वाटू नका. तुमच्या मुलाला एवढंच विचारून बघा, मुलुंडहून दादरला स्लोने गेलो आणि फास्टने गेलो तर काय काय वेगळं होईल? त्याला मजा वाटली, तो बोलत सुटला तर ऐका. नाही बोलला तर तो तीन वर्षांचा आहे, खेळू द्या.

आयक्यू टेस्टचं म्हणाल तर ती शास्त्रीय आहे पण आत्ता तिची घाई नको. मुळात पॅरिसमध्ये बिने यांनी १९०५ मध्ये ती केली तीच शाळेत मागे पडणारी मुलं शोधून त्यांना मदत मिळावी म्हणून, हुशार मुलांना बिल्ला लावायला नाही. आपल्याकडे कामतांनी तिचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं, ती बिने-कामत टेस्ट अजूनही वापरतात, आणि नागपूरला मालिन यांनी केलेली टेस्ट आहे ती सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. तिसऱ्या वर्षीचा आकडा फार हलतो. त्या दिवशी झोप झाली नव्हती, समोरच्या बाईंची भीती वाटली, शू लागली होती, की आकडा खाली. शिवाय आकडा म्हणजे सगळं नाही. अमेरिकेत टर्मन नावाच्या प्राध्यापकांनी १९२१ पासून जवळजवळ दीड हजार हुशार मुलं टेस्टवरून निवडली आणि जन्मभर त्यांचा अभ्यास केला, आणि त्या निवडीत जे दोघं बसले नाहीत, शॉकली आणि अल्व्हारेझ, त्यांना पुढे फिजिक्सचं नोबेल मिळालं! निवडलेल्यांपैकी एकालाही नोबेल मिळालं नाही. टेस्ट करायची ती काहीतरी ठरवायचं असेल किंवा काहीतरी अडत असेल तेव्हा, सहा वर्षांनंतर, शिकलेल्या मानसशास्त्रज्ञाकडून. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी ही संस्था १९६२ पासून हुशार मुलांसाठी काम करतेय, त्यांचा मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, पुढेमागे लागलं तर तिथे विचारता येईल.

आणि सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. दृष्टीचं तुमचं तुम्ही बघा, मीठमोहरी ओवाळून कोणाचं काही बिघडत नाही, पण पाहुणे आले की 'बाळा, काकांना झेंडे सांग' हे मात्र बंद करा. मूल हरभऱ्याच्या झाडावर एकदा चढलं की उतरवणं फार कठीण. १९९८ मध्ये अमेरिकेत म्युलर आणि ड्वेक या दोघींनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले होते, 'तू हुशार आहेस' असं कौतुक झालेली मुलं नंतर सोपंच काम मागायला लागली आणि अवघड आलं की लवकर ढेपाळली, आणि 'तू मेहनत केलीस' असं ऐकलेली मुलं अवघडाला भिडली. म्हणून जीनियस हा शब्द त्याच्यासमोर नकोच. सोसायटीतल्या लोकांना पण सांगा, हसत सांगा.

माझी नात साडेचार वर्षांची. शाळेतून रोज तक्रार. रंगवायला दिलं की रंगवत नाही, लाइनीत उभी राहत नाही, बाईंना उलट प्रश्न विचारते. सूनबाईंना वाटतं हायपर आहे, डॉक्टरला दाखवावं. घरी मात्र गॅलरीत मुंग्यांची रांग बघत तास तास बसते. परवा मला विचारलं, आजोबा तुम्ही मेलात की तुमचं नाव कोण वापरणार? आणि मग रात्री रडत बसली, झोपेना. मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही.
– एक आजोबा, गिरगाव

आजोबा, वयाने मी तुमच्यापासून फार लांब नाही, पण नातीच्या नात्याने आजोबाच म्हणते. पत्र वाचून दोन मिनिटं मीही गप्प बसले. केवढा मोठा प्रश्न विचारलाय पोरीने.

अशा मुलांचं होतं काय, की सगळं एका वेगाने वाढत नाही. डोकं सात वर्षांचं, बोटं चार वर्षांची आणि रडणं तीन वर्षांचं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या काही पालकांनी आणि तज्ज्ञांनी मिळून गिफ्टेड मुलांची व्याख्याच या विषम वाढीवर केली होती, आणि मला ती बाकीच्या व्याख्यांपेक्षा जास्त पटते. तिला डोक्यात घोडा लख्ख दिसतो पण कागदावर उतरतो तो बटाटा, म्हणून ती कागदच ढकलून देते, आपल्याला वाटतं हट्टी आहे. किंवा आंबा पिवळाच का रंगवायचा, कच्चा हिरवा असतो की, असं तिचं म्हणणं असतं आणि ते बरोबरच असतं.

पण म्हणून सूनबाईंचं म्हणणं झटकून टाकू नका. मुंग्या तासभर बघते म्हणजे लक्ष नीट आहे असं सरळ म्हणता येत नाही, कारण लक्षाची अडचण असलेली मुलंही आवडीच्या गोष्टीत तासभर रमतात. फरक बघायचा तो असा, की घरी, शाळेत, बागेत, लग्नात, सगळीकडेच तिला थांबणं जमत नाही का, की फक्त जे आधीच येतंय ते परत करायला लावलं की बिनसतं? पंधरा दिवस एका वहीत लिहा, कधी बिनसलं आणि त्याच्या जरा आधी काय चाललं होतं. ती वही घेऊन सूनबाईंना शाळेत बाईंना भेटू दे, तक्रार घेऊन नाही, वही घेऊन. बाईंकडे चाळीस मुलं असतात हो, त्यांना कोणी असं आयतं निरीक्षण आणून दिलं तर त्या ऐकतात, मी स्वतः त्या खुर्चीत बसलेय. रंगवून झालं की किंवा रंगवायच्या ऐवजी तिला मुंग्यांचं चित्र काढून त्याची गोष्ट सांगू द्या, एवढं मागून बघा. डॉक्टरांना दाखवायचं असेल तर दाखवा, त्यात कमीपणा नाही, फक्त मुंग्यांचं पण सांगा.

मला खरी काळजी उलटी आहे. आत्ता ती भांडतेय ते बरंय. मुली फार पटकन शिकतात की हात वर न करता गुपचूप आंबा पिवळा रंगवला की 'शहाणी मुलगी' म्हणतात, आणि मग दुसरीपर्यंत तक्रार बंद होते आणि प्रश्नही. तिच्या बाबतीत ज्या दिवशी शाळेतून तक्रार यायची थांबेल त्या दिवशी मला परत लिहा.

आणि नावाचं. खोटं सांगू नका, 'मी कुठे जातोय, मी शंभर वर्षं जगणार' असलं सांगून ही मुलगी गप्प बसणार नाही, हिशोब करून परत येईल. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत होतीच की, कदाचित तुमचं नावही तसंच आलं असेल. ती गोष्ट सांगा, हे नाव आधी माझ्या आजोबांचं होतं, त्यांनी मला वापरायला दिलं. मग ती विचारेल मुलींना का नाही देत, त्याची तयारी ठेवा. रात्रीचं रडणं महिनाभर चाललं, जेवण-झोप बिघडली, तर मात्र बालमानसतज्ज्ञांना भेटाच.

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, बोलतो फक्त दहा-बारा शब्द. पण अठ्ठेचाळीस तुकड्यांचं पझल एकटा लावतो, दुकानांच्या पाट्या वाचतो, मोबाइलचं लॉक उघडतो. नातेवाईक म्हणतात हुशार मुलं उशिराच बोलतात, थांबा. आमच्या घरी मराठी, हिंदी दोन्ही चालतं, त्यामुळे असेल का?
– एक बाबा, गोवंडी

दादा, थांबू नका. या महिन्यातल्या पत्रांत हे एकच पत्र असं आहे ज्याला मी त्याच दिवशी मेलवर उत्तर पाठवलं, इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी.

दोन भाषांमुळे मूल एवढं मागे राहत नाही, मुंबईतली अर्धी मुलं तीन भाषांत वाढतात. साडेतीनला दहा-बारा शब्द म्हणजे तपासायला हवं, आणि सगळ्यात आधी कान. पाट्या वाचतो म्हणून ऐकू येतच असेल असं धरू नका. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, तिथे ऐकण्या-बोलण्याची तपासणी होते. तुम्हाला सायन जवळ पडेल, तिथल्या पालिकेच्या हॉस्पिटलच्या मुलांच्या ओपीडीत दाखवून सुरुवात केली तरी चालेल. सांगताना नुसतं 'बोलत नाही' सांगू नका. हाक मारली की बघतो का, हवी ती वस्तू बोट करून दाखवतो का की तुमचा हात धरून नेतो, दुसऱ्या मुलांकडे जातो का, हे पण सांगा.

फार लवकर वाचणं पण वाचलेल्याचा अर्थ न लागणं, याला हायपरलेक्सिया म्हणतात, हा शब्द १९६७ पासून वापरात आहे, आणि काही मुलांत तो ऑटिझमबरोबर दिसतो. तुमच्या मुलाला तसंच आहे असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही. मुद्दा एवढाच की हुशारी आणि अडचण एकाच मुलात सुखाने नांदू शकतात. पझल चांगलं लावतो म्हणून बोलण्याची मदत नको असं होत नाही, आणि बोलण्याची थेरपी सुरू झाली म्हणून पझल कपाटात टाकायचं असंही नाही.

नातेवाईकांचं काय, ते गणितज्ञ रामानुजनचं नाव घेतात. रामानुजन तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते असं त्यांच्या चरित्रात आहे खरं. पण उशिरा बोलणारी जी मुलं रामानुजन झाली नाहीत त्यांची चरित्रं कोणी लिहीत नाही ना.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी पाच वर्षांची आहे, पालिकेच्या बालवाडीत जाते, सुट्टी असली की आईबरोबर येते. माझ्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या तिने एकदा स्वतःच वेगळ्या क्रमाने लावल्या, म्हणाली जे रोज लागतं ते हाताशी. दुधाच्या पिशवीवरचं वाचता वाचता वाचायला शिकली. मी भाजीवाल्याला शंभर दिले तर बाकी किती यायला हवेत ते माझ्याआधी सांगते. मावशी म्हणतात फार बोलते म्हणून मार खाते. मी काही करावं का, की हे माझं काम नाही?
– एक वाचक, विलेपार्ले

तुमचं काम आहे की नाही ते तुम्ही ठरवा, पण तुमच्या डोळ्यांना दिसलं याचं मला फार बरं वाटलं. कारण गिफ्टेड मूल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चष्मा लावलेला आणि इंग्लिशमध्ये बोलणारा मुलगाच येतो, आणि ज्या घरात पुस्तक नाही, तिथे ही हुशारी आगाऊपणा म्हणून मोजली जाते.

मी तरी कुठे ओळखायचे. बरीच वर्षं झाली, परळला चाळीतल्या एका खोलीत आमची बालवाडी भरायची. पाच वर्षांचा एक मुलगा, वडील फेरीवाले. मी चिंचोके द्यायचे आणि सांगायचे दहा मोज. हा मोजायचाच नाही. चिंचोक्यांच्या ओळी लावत बसायचा, दोन ओळी, मग मोडायच्या, तीन ओळी, परत मोडायच्या. मी दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा चिंचोके काढून घेतले. मग एक दिवस मदतनीस बाई आल्या नव्हत्या, मुलं कमी होती, म्हणून मी शेजारी बसून नुसती बघत राहिले. त्याने नऊ घेतले, तीन-तीनच्या तीन ओळी केल्या आणि म्हणाला, बाई, हा चौकोन होतो. मग आठ घेतले, दोन ओळी, हा पण बसतो. मग सात. दोन ओळी लावल्या, एक उरला. तीन लावल्या, एक उरला. बराच वेळ बघून म्हणाला, हा सात वाईट आहे, हा कुणातच बसत नाही. आणि अकरा? मी विचारलं. त्याने मुठीतले मोजून लावले, मोडले, लावले, आणि म्हणाला, अकरा पण साताच्याच घरातला. मूळ संख्या हो! आम्हाला त्या शाळेत किती नंतर शिकवल्या आणि इथे हा चिंचोक्यांवर त्यांना नावं ठेवत होता, आणि मी महिनाभर त्याच्या पुढ्यात लाल शेरा मारत होते, मोजता येत नाही म्हणून. पुढे ते कुटुंब खोली सोडून गेलं, कुठे ते कळलं नाही.

तर तुमच्या त्या मुलीचं. डब्याचा क्रम बदलताना तिने कारण सांगितलं, हे मला तिच्या हिशोबापेक्षाही मोठं वाटतं. भाजीचा हिशोब बाजारात वाढणाऱ्या बऱ्याच मुलांना लवकर येतो, पण जे रोज लागतं ते हाताशी, हे तिचं तिने शोधलंय.

करायचं काय तर पहिलं, मावशींशी बोला, आणि मुलीच्या समोर बोला. 'तुमची मुलगी हुशार आहे' एवढंच नको, नेमकं सांगा, तिने डबा कसा लावला आणि तुम्ही तो अजून तसाच ठेवलाय. फार बोलणं हा गुन्हा नाही हे त्यांना तुमच्याकडून ऐकू दे, पण उपदेश नको, त्या दिवसाला पाच घरं करतात आणि संध्याकाळी त्यांच्या कानात जीव उरलेला नसतो. दुसरं, पुस्तकं द्या, चांगली द्या, रद्दीतली नको, आणि घरी न्यायला द्या. तिसरं, पहिलीचं बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात खाजगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात, अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि सोडत निघते, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, राहण्याचा पुरावा ही कागदपत्रं आधी जमवावी लागतात आणि तिथेच बहुतेक आया हरतात. तुम्ही कागदपत्रांना मदत केलीत तर ती पुस्तकांपेक्षा मोठी मदत. तसंच पालिकेची शाळाच ठेवली तरी काही वाईट नाही, तिथेही जीव लावणाऱ्या बाई असतात, त्या वर्गाच्या बाईंना एकदा भेटून मिसळणाच्या डब्याची गोष्ट सांगा म्हणजे त्यांची नजर तिच्याकडे वळेल.

टेस्टच्या भानगडीत पडायचं झालं तर शब्दांवर आधारलेली टेस्ट तिच्यावर अन्याय करेल. रेव्हनची रंगीत आकृत्यांची टेस्ट असते, साधारण पाच वर्षांपासून चालते, त्यात नक्षीतला कापलेला तुकडा ओळखायचा असतो, वाचावं बोलावं लागत नाही. पण आत्ता गरज नाही. सहावीत गेली की होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा असते, मुंबईच्याच विज्ञान शिक्षकांच्या मंडळाची, तेव्हा तिला कोणीतरी फॉर्म भरून द्यायला हवा, बस. सहा वर्षं आहेत त्याला, तोपर्यंत मावशी तुमच्याकडे टिकतील असं त्यांना वागवा.

मुलगी चार वर्षांची, फार चुणचुणीत आहे, ज्युनिअर केजीत बोअर होते. तिला सरळ सीनिअरला किंवा पहिलीला टाकता येईल का? आणि अॅबॅकस, वैदिक गणित, कोडिंग यातला कोणता क्लास लावू?
– एक बाबा, बोरिवली

पहिलीला नाही टाकता येणार, आपल्या राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. सीनिअरचं शाळेशी बोलून बघा, पण एक वर्ष पुढे ढकलल्याने कंटाळा जात नाही, दोन महिने जातो आणि परत येतो. क्लासचं म्हणाल तर चार वर्षांच्या मुलीला कोडिंग कशाला हवंय? अॅबॅकसचे मणी तिला आवडले तर घरी आणून द्या, क्लास नको.

त्यापेक्षा महिन्यातून एक दिवस तिच्याबरोबर नुसतं बाहेर पडा, मोबाइल खिशात ठेवून, आणि तिच्या वेगाने चाला. फास्टने दादर, ब्रिज चढून सेंट्रलला, तिला प्लॅटफॉर्मचे नंबर वाचू द्या, मग स्लोने भायखळा आणि राणीची बाग. पेंग्विनच्या काचेसमोर उभे रहाल तेव्हा सांगा की हे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, हम्बोल्ट पेंग्विन, यांच्यासाठी आत एसी लावून थंड ठेवलंय, आणि गप्प बसा. लाइट गेली तर? असं तिने विचारलं तर तुम्ही उत्तर देऊ नका, तिलाच विचारा मग काय करायचं. बाग बुधवारी बंद असते, तेवढं बघून जा.